शीरखुर्म्याच्या मिशीचा इमोजी

ईदच्या दिवशी आपण कितीतरी शुभेच्छा पाठवतो. पण त्यांतले हसरे चेहरे दुसऱ्याच कोणीतरी काढलेले असतात. या सुट्टीत मुलांना सोबत घेऊन आपण आपला स्वतःचा इमोजी काढून पाहू या. त्यासाठी संगणक हवा आणि 'इंकस्केप' हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर.

हे सॉफ्टवेअर व्हेक्टर पद्धतीचे आहे. म्हणजे काय? १९९९ मध्ये जपानच्या शिगेताका कुरिता यांनी मोबाइलसाठी १७६ इमोजी तयार केले. प्रत्येकाला जागा होती फक्त आडव्या १२ आणि उभ्या १२ ठिपक्यांची. असे ठिपक्यांचे चित्र मोठे केले की कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. व्हेक्टर चित्रात रेषेची जागा आणि वळण यांचे गणित साठवलेले असते. त्यामुळे चित्र कितीही मोठे केले तरी रेखीव राहते.

आता शीरखुर्मा पिऊन हसणारा चेहरा काढू. वर्तुळाचे साधन घ्या आणि कंट्रोलची कळ दाबून माउस ओढा, म्हणजे गोल नेमका येतो. त्यात पिवळा रंग भरा. एक छोटा काळा डोळा काढा. कंट्रोल आणि डी दाबून त्याची प्रत करा आणि ती बाजूला सरकवा. तोंडासाठी एक लाल वर्तुळ काढा, त्याचा वरचा अर्धा भाग झाकेल असा चौकोन त्यावर ठेवा, दोन्ही निवडा आणि 'पाथ' मेन्यूतील 'डिफरन्स' दाबा. हसरे तोंड तयार! त्यावर पेनच्या साधनाने दुधाची पांढरी मिशी काढा. मूळ फाइल एसव्हीजीमध्ये जपून ठेवा, पाठवण्यासाठी पीएनजी काढा.

हे चित्र स्टिकर म्हणून पाठवता येईल, पण कीबोर्डवर येणार नाही. तिथे कोणती चिन्हे असावीत हे युनिकोड ही संस्था ठरवते. बर्लिनमध्ये राहणारी १५ वर्षांची सौदी मुलगी रायूफ अल्हुमेधी हिच्या मैत्रिणींनी ग्रुपमध्ये स्वतःसाठी एकेक इमोजी निवडला. हिजाब घालणारा एकही चेहरा रायूफला सापडला नाही. २०१६ मध्ये तिने युनिकोडकडे रीतसर प्रस्ताव पाठवला. त्यासाठीची नमुना चित्रे अफेलांड्रा मेसर यांनी काढली. २०१७ मध्ये तो इमोजी मंजूर झाला आणि आज आपल्या मुलीही तो सहज वापरतात.

म्हणून पहिला इमोजी जमला की मुलांना विचारा, आपल्या घरातला कोणता चेहरा अजून कीबोर्डवर नाही? दादीचा जाड चष्मा, मामूंची करड्या लोकरीची टोपी, दुपट्टा सावरत पोळ्या लाटणारी अम्मी. एकच अट घाला: चित्राने हसवायचे, पण कोणाच्या व्यंगाला हसायचे नाही. आणि चित्र ग्रुपवर टाकण्याआधी ज्याचे आहे त्याला दाखवायचे.