आजार न झालेली बाई

कोलंबियातल्या मेदेयीन शहरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस्को लोपेरा नावाचे तरुण डॉक्टर मेंदूविकारांचे शिक्षण घेत होते. तेव्हा त्यांच्याकडे ४७ वर्षांचा एक शेतकरी आला. लक्षणे सगळी म्हाताऱ्या माणसाच्या अल्झायमरची, वय मात्र ऐन कर्तेपणाचे. त्याच्या वडिलांचे आणि आजोबांचेही असेच झाले होते, असे घरच्यांनी सांगितले.

लोपेरा त्या शेतकऱ्याच्या मुलखात जाऊन पोचले.

अंतिओकिया प्रांतातल्या डोंगराळ गावांमध्ये हा आजार सगळ्यांच्या ओळखीचा होता. कोणी त्याला करणी म्हणत, कोणी पाद्र्याचा शाप, तर कोणी अमुक झाडाला हात लागल्याचा परिणाम. लोपेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या जुन्या वह्या चाळल्या. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पिढ्या सापडतात, तशीच ही नोंद. त्यातून वंशवृक्ष उभा राहिला आणि वेगवेगळी वाटणारी घराणी मागे जाऊन एकाच मुळाला मिळाली. आज या गोतावळ्यात सुमारे ६,००० माणसे आहेत.

हे काम प्रयोगशाळेत बसून होणारे नव्हते. तो काळ गनिमी टोळ्यांचा आणि अमली पदार्थांच्या माफियांचा. रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या त्यांच्या चमूतल्या एका परिचारिकेचे अपहरणही झाले. तरीही गावोगावच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. मृत्यूनंतर आप्तांचा मेंदू संशोधनाला देण्याइतका विश्वास त्या कुटुंबांनी टाकला, तो या फेऱ्यांमुळेच. अंतिओकिया विद्यापीठातली मेंदूपेढी त्यातून उभी राहिली.

१९९५ मध्ये दोषी जनुक सापडले. प्रेसेनिलिन-१ या जनुकातल्या एका बदलामुळे मेंदूत अमायलॉइड प्रथिनाचे थर साचतात. आई किंवा वडिलांत हा बदल असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. ज्याला मिळाला, त्याची स्मरणशक्ती साधारण ४४व्या वर्षी ढळू लागते आणि पन्नाशीच्या आत पूर्ण स्मृतिभ्रंश होतो. आजार कोणाला आणि साधारण कधी होणार हे आधीच कळणे, ही औषधाच्या चाचणीसाठी फार मोठी सोय होती.

क्रेनेझुमॅब या औषधाची चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. त्यात २५२ जण होते आणि दोष नसलेल्यांनाही मुद्दाम घेतले होते. तसे केले नसते तर चाचणीत निवड होणे हेच नशीब कळण्यासारखे झाले असते. २०२२ मध्ये निकाल लागला: औषधाचा ठोस फायदा नाही. आशेने वर्षानुवर्षे सुया टोचून घेणाऱ्या त्या माणसांना काय वाटले असेल, हे आकडेवारीत येत नाही.

पण खरा धक्का त्याआधी, २०१९ मध्ये बसला होता, तोही सुखद. याच गोतावळ्यातल्या एका स्त्रीमध्ये घातक बदल होता, तरी सत्तरीपर्यंत तिची बुद्धी शाबूत होती. तिच्या मेंदूत अमायलॉइड भरपूर होते, मात्र पेशींच्या आत गुंता करणारे टाउ प्रथिन फारच कमी. तपासात तिच्या एपीओई जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये एक दुर्मीळ बदल सापडला. न्यूझीलंडमधल्या शहरावरून त्याला ‘क्राइस्टचर्च’ म्हणतात. नुसते अमायलॉइड साचले की सगळे संपले, हा सरळ हिशोब तिथे फिसकटला. अमायलॉइड आणि टाउ यांच्यामधला दुवा तोडता आला, तर थर तसेच ठेवूनही माणूस वाचू शकेल, अशी वाट दिसू लागली.

एकटीवरून काय ठरवायचे, हा आक्षेप रास्त होता. २०२३ मध्ये एक पुरुष सापडला. साठी उलटेपर्यंत तोही ठणठणीत होता आणि त्याचे संरक्षण रीलिन नावाच्या वेगळ्याच जनुकातून आले होते. २०२४ मध्ये क्राइस्टचर्चची एकच प्रत असलेल्या २७ जणांचा अभ्यास छापून आला. त्यांचा आजार सुमारे पाच वर्षे लांबला होता. पाच वर्षे म्हणजे एखाद्या आईला मुलांचे शिक्षण पुरे झालेले पाहता येणे. ही मिळकत लहान समजू नये.

सप्टेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी लोपेरा गेले. क्राइस्टचर्चच्या परिणामाची नक्कल करणारे प्रतिपिंड लोपेरांच्या सहकारी संशोधकांनी तयार केले असून उंदरांमध्ये त्याने टाउचा उपद्रव कमी केल्याचे दिसले आहे. माणसांसाठी त्याचे औषध अजून झालेले नाही.