हापसा चालतो, पण कुणासाठी?

नागपूरकडे त्याला 'बोअरिंग' म्हणतात, इतरत्र 'हापसा', सरकारी कागदावर 'हातपंप'. नाव काहीही असो, दांडा हापसणारे हात बहुधा बाईचे, नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोरीचे. ही साधी गोष्ट इंजिनिअर मंडळींच्या हिशेबात यायला बरीच वर्षे लागली.

१९६० नंतर दुष्काळी भागात खोल बोअर मारणारी यंत्रे आली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राला त्यांचा मोठा आधार झाला. पण बोअरवर बसवलेले पंप बिडाचे होते, आणि नमुना परदेशातला. तिकडे असा पंप एका शेतकरी कुटुंबाच्या अंगणात असे. दिवसाकाठी थोड्या बादल्या काढल्या की काम संपले. आपल्याकडे त्याच पंपावर अख्खे गाव! पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा थांबत नसे. बीड तडके, सांधे झिजत. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा चारातले तीन पंप बंद आढळले. कारखान्याच्या दृष्टीने माल चोख होता, नकाशाबरहुकूम ओतलेला. फक्त तो नकाशा काढताना आपल्या बाया कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हत्या.

इलाज निघाला जालना आणि सोलापूरला, मिशनच्या माणसांकडून. बीड जाऊन पोलाद आले. सोलापूरच्या पंपात दांडा एकाच आसावर फिरे आणि सळई साखळीला टांगलेली असे. त्यामुळे ती सरळ वरखाली होई, बाजूला घासत नसे. हीच कल्पना घेऊन युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने 'इंडिया मार्क टू' तयार केला. (या कंपनीचा कारखाना नागपुरातही होता, पण हे काम मद्रासचे.) त्याचे नमुने कोइंबतूरकडच्या गावांत बसवून पाहिले. तिथे पाणी खोल आणि पंपावर गर्दी फार. मुद्दाम अवघड जागा निवडली, यातच खरे शहाणपण होते. पुढे १९७९ साली या पंपाचे भारतीय मानक ठरले आणि असे लाखो पंप देशभर बसले.

तरीही एक अडचण राहिली. आतले वायसर झिजले की सगळे पाइप वर ओढावे लागत, आणि त्यासाठी तालुक्याहून गाडी यायची वाट पाहावी लागे. म्हणून 'मार्क थ्री' निघाला. त्यात पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो, गावातली माणसेच दुरुस्ती करू शकतात. पण त्याचा रुंद पाइप जड आणि महाग, त्यामुळे 'मार्क टू'च जास्त चालला.

आता जागेचा प्रश्न. अडीचशे माणसांमागे एक हातपंप, असा सरकारी निकष होता. पंप पाटलाच्या दारात बसवला की बौद्धवाड्यात, हे तो निकष विचारत नसे! महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले होते. तळ्यात पाणी होते, कागदावर हक्क होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तिथे गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाची खरी परीक्षा झाली. त्यानंतर आपल्या माणसांवर जो हल्ला झाला, तो ठराव कितपत खरा होता हे सांगून गेला.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने घरोघरी नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी असे ठरवले. अहवालात 'जोडणी झाली' असे लिहिले जाते. आपल्या आयाबहिणींनी एवढे करावे : पाणी सोडण्याच्या वेळी वस्तीतल्या अगदी शेवटच्या घरच्या तोटीखाली गुंड ठेवावा, तो किती मिनिटांत भरतो ते घड्याळात पाहावे, महिनाभर वहीत लिहावे, आणि ती वही घेऊन ग्रामसभेला जावे.