पान लागले तर पहिला तास वाया घालवू नका



उसाचा फड एकदा दाटला की आत ऊन पोचत नाही. खाली पाचट, पाचटात उंदीर, आणि उंदरामागे साप, हे आपण सारे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. त्यातून आपल्या गोंदिया जिल्ह्यात ऊस आणि धान शेजारी शेजारी. धानाचा धुरा, बोडीची पाळ, खळ्यावरचे पुंजणे, या सगळ्याच सापाच्या आवडत्या जागा. पाणी द्यायला रात्री-बेरात्री जावे लागते, ते वेगळेच.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. म्हणजे वर्षाला ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. दुःखाची गोष्ट अशी की या दंशावर औषध आहे. औषध असून माणूस जातो, कारण तो औषधापर्यंत वेळेत पोचत नाही. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

कोणते साप विषारी?

माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग (कोणी गव्हाळ्या म्हणतात), मण्यार, घोणस म्हणजे आपली परड, आणि फुरसे. नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते. पापण्या जड होतात, आवाज बदलतो, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. परड व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. जागा सुजते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाते. परडीचे विष मूत्रपिंडही बिघडवते.

मण्यारीबद्दल विशेष सांगावेसे वाटते. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा झोपमोडही होत नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते, आणि घरचे पोटदुखीची गोळी देऊन मोकळे होतात. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाचे पहाटे अचानक पोट दुखले आणि पापण्या मिटू लागल्या, तर मण्यार समजून थेट दवाखाना गाठावा.

चावल्यावर काय करावे?

१. सापापासून दूर व्हा. त्याला मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस चारही सापांवर एकच आहे, म्हणून साप नेऊन दाखविण्याची गरज नाही.

२. रोग्याला धीर द्या, आडवे करा. चालवू नका, धावू देऊ नका.

३. अंगठी, जोडवी, बांगड्या, कडे, करदोडा लगेच काढा. सूज आली की निघत नाहीत.

४. चावलेला हात-पाय मोडल्यासारखा समजून काठी लावून सैल बांधा, म्हणजे हलणार नाही.

५. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मोटरसायकल असेल तर रोग्याला मध्ये बसवून मागे एक माणूस धरायला बसवा.

काय करू नये?

दोरीने आवळून बांधू नये. रक्तपुरवठा तुटून हात-पाय गमावण्याची पाळी येते, आणि गाठ सोडताच विष एकदम अंगात भिनू शकते. ब्लेडने कापू नये. रक्त न गोठणाऱ्या माणसाला कापले तर ते थांबतच नाही. तोंडाने चोखू नये, बर्फ, चुना, पाला लावू नये, दारू पाजू नये.

झाडफुंकीने माणूस वाचतो कसा?

हा प्रश्न सभासद हमखास विचारतील. उत्तर सोपे आहे. आपल्याकडचे पुष्कळ साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. अशी माणसे काही न करताही वाचली असती. नाव मात्र मांत्रिकाचे होते. खरे विष चढलेला रोगी त्याच्याकडे नेला तर लाखमोलाचा वेळ जातो. म्हणूनच महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात, साप चावलेल्यास दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-तंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. देवावर श्रद्धा असो, हरकत नाही. नारळ बरे झाल्यावर फोडावा.

दवाखान्यात

देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावकडून गोंदियाचे शासकीय रुग्णालय लांब पडते. तेव्हा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय आधी गाठावे. तिथे लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवावे. चावल्याची वेळ डॉक्टरांना नक्की सांगावी. काचेच्या नळीत रक्त २० मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हे पाहतात. ही साधी तपासणी फार मोलाची. विषाची लक्षणे असतील तर लस शिरेतून देतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण सापाने विष काही वय पाहून सोडलेले नसते. पुढे पाठवायचे झाल्यास लसीचा पहिला डोस तिथेच देण्याची विनंती करावी, आणि किती बाटल्या, किती वाजता दिल्या ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे. लक्षणे नसली तरी २४ तास देखरेखीखाली राहावे.

आधीची खबरदारी

फडात जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट, रात्री हातात टॉर्च. पाचटात हात घालण्याआधी काठीने हलवावे. घराशेजारी विटा-लाकडांचा ढीग नको. खाटेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली खोचावी. आपल्या शेतावर ऊसतोडीला येणारी कुटुंबे कोपीत जमिनीवरच झोपतात. त्यांच्या लेकरांसाठी खाट-मच्छरदाणीची सोय करणे हे आपलेही कर्तव्य आहे.

वाईट प्रसंग ओढवलाच तर

२०२३ पासून राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सर्पदंशाने मृत्यू झाल्यास खातेदार शेतकऱ्याच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. खातेदार नसलेल्या, कुटुंबातील एका सदस्यासही योजना लागू आहे. वय १० ते ७५. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. पोलिसांत खबर व शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकला तर पुरावा राहत नाही.

पण पैशाने गेलेले माणूस परत येत नाही. तेव्हा आजच घरात सर्वांना बसवून हे वाचून दाखवा, आणि जवळच्या दवाखान्याचा फोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.