आधी पुसा, मग धुवा

गुडघ्याला वेदनाशामक जेल चोळलं आणि हात नळाखाली धरले, की त्यातलं डायक्लोफेनॅक थेट गटारात! सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू ते पुरतं पचवू शकत नाहीत. नदीत ते माशांच्या कल्ल्यांना, मूत्रपिंडांना इजा करतं. जर्मनीने औषध कंपन्या, डॉक्टर, औषधविक्रेते, पाणीपुरवठादार यांना यावर चर्चेला एकत्र बसवलं. एक उपाय अगदी घरगुती आहे: हात आधी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात टाका, मगच धुवा. सीटी स्कॅनचं आयोडीनयुक्त द्रव्यही लघवीतून गटारात जातं, म्हणून तिथे रुग्णांना लघवीच्या पिशव्याही देऊन पाहिल्या. स्वित्झर्लंडने २०१६पासून माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत आकार लावला. त्यातून अशी द्रव्यं काढायला केंद्रांत ओझोन, सक्रिय कोळसा आला. आपल्याकडे डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मेली, तेव्हा २००६मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.