ताण ऐकणारा मोबाईल

बोईसरमध्ये अनेक घरांचं घड्याळ कारखान्याच्या पाळीवर चालतं. तारापूर एमआयडीसीतून नाईट करून आलेल्या अब्बांना सकाळी झोप हवी असते आणि नेमकी तेव्हाच मुलांची शाळेची गडबड, अम्मीची डब्यांची घाई सुरू असते. अपुरी झोप, घराचा हप्ता, दहावीची परीक्षा यांनी चिडचिड वाढते. पण ‘मला ताण आलाय’ हे शब्द कुणाच्या तोंडून निघत नाहीत. आम्हा शिक्षकांना तो ताण मुलांच्या अर्धवट वह्यांतून वाचावा लागतो.

आता तो ऐकायला मोबाईल पुढे आला आहे. बंगळुरूत सुरू झालेलं ‘वायसा’ हे अ‍ॅप एका पेंग्विनच्या रूपात आपल्याशी गप्पा मारतं. आज कसं वाटतंय ते विचारतं, श्वासाचा व्यायाम सांगतं. ‘मी नापासच होणार’ असं लिहिलं, तर या विचाराला आधार काय, हे आपल्यालाच तपासायला लावतं. ही मानसोपचारातली जुनी, रुळलेली पद्धत आहे.

यंत्रापाशी मन मोकळं करणंही नवं नाही. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा प्रोग्राम जगापुढे आणला. समोरच्याचंच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारायचा, एवढंच. तरी त्यांच्या सेक्रेटरीने एलायझाशी बोलताना खुद्द वायझेनबॉमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! यंत्राला काही समजत नव्हतं, पण ते हसत नव्हतं की नावंही ठेवत नव्हतं. ‘लोक काय म्हणतील’ या धाकात वाढलेल्या आपल्या मुलामुलींना याची ओढ का वाटते, हे यावरून कळतं.

मग असं साधन आपल्या घरांसाठी कसं असावं? त्याला मराठी, उर्दू, हिंदीची आपली सरमिसळ समजावी आणि टाईप न करता बोलूनही ते वापरता यावं. नाईटवाल्याला रात्री दहा वाजता ‘आता झोपा’ असं त्याने सांगू नये. एकच फोन घरात चौघे हाताळतात, म्हणून एकाचं मन दुसऱ्याला उघडं पडू नये. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, त्याला स्वतःची हद्द कळावी. जीव नकोसा झाल्याची भाषा आली की त्याने गप्पा थांबवून त्या व्यक्तीला ताबडतोब माणसाशी जोडून द्यावं.

तशी माणसं आपल्याकडे आहेत. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. नाईट संपवून सकाळी सातला फोन केला तरी चालतो.

अ‍ॅप जरूर वापरावं, पण शिकवणीसारखं. चांगली शिकवणी मुलाला स्वतःच्या पायावर उभं करते. कंपनीची सेवा तर उद्या बंदही पडू शकते. अमेरिकेतलं ‘वोबॉट’ हे असंच गाजलेलं अ‍ॅप २०२५ साली बंद झालं.

मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाईलशी काय बोलतो म्हणून फोन हिसकावण्याआधी आपण त्याच्याजवळ दहा मिनिटं बसावं. उपदेश न करता ऐकावं. आणि गॅस सिलिंडरच्या नंबराशेजारी भिंतीवर १४४१६ हा आकडाही लिहून ठेवावा.