मुलीचें जन्मवजन व तिचें बाळंतपण

मुलीची पत्रिका आपल्या घरांतून जिवापाड जपली जाते. तींत जन्मवेळ घटका-पळांसह असते; रास, नक्षत्र, गण, नाडी, सारें असतें. जन्मतेवेळीं मुलीचें वजन किती भरलें, हें मात्र त्या कागदावर कोणी लिहीत नाहीं. वास्तविक हा आंकडा वीस-पंचवीस वर्षांनीं, तीच मुलगी गरोदर राहील तेव्हां, वैद्यांच्या उपयोगीं पडण्यासारखा आहे.

जी स्त्री स्वतः जन्मली तेव्हां फार हलकी होती, तिला गरोदरपणीं मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो. ॲरिझोनांतील पिमा जमातीच्या स्त्रियांत ही गोष्ट १९९८ सालीं आढळून आली; न्यूयॉर्क राज्यांतील जन्मनोंदींवरून झालेल्या व २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींतहि तेंच दिसलें. पिमा स्त्रियांत फार जड जन्मलेल्यांनाहि हा धोका होता. कारण बालकाच्या फाजील वजनामागें पुष्कळदां त्याच्या आईचाच मधुमेह असतो.

हलक्या मुलीच्या बाबतींत असें कां व्हावें? १९९२ सालीं हेल्स व बार्कर या इंग्रज संशोधकांनीं याची एक उपपत्ति मांडली. पोटांतील गर्भाला अन्न तुटपुंजें मिळालें कीं तो आधीं मेंदू राखतो. काटकसर होते ती स्वादुपिंड, स्नायू इत्यादिकांच्या वाट्यांत. अशी मुलगी इन्शुलिनचें भांडवल बेताचें घेऊनच जन्मास येते. एरवीं तेवढ्यावर भागतें. परंतु गरोदरपणीं वारेंतून सुटणारे रस इन्शुलिनला विरोध करूं लागतात आणि स्वादुपिंडाला नेहमींच्या कितीतरी पट काम पडतें. भांडवल अपुरें असलें तर नड उघडी पडते ती येथें.

याचा आपल्याशीं संबंध फार निकटचा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. गंमत अशी कीं, आपल्या बालकांच्या अंगीं मांस कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानें शाबूत! ज्या मातांच्या आहारांत हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध वरचेवर होतें, त्यांचीं बालकें अधिक भरदार निपजलीं.

"आमची सून काडीसारखी, तिला कसली साखर?" हें वाक्य ज्या घरांत बोललें जातें त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं बारीक अंगकाठी ही कांहीं हमी नव्हे. सुनेच्या माहेरीं तिच्या जन्माच्या वेळचा दवाखान्याचा कागद असल्यास तो मागवावा; अडीच किलोच्या आंतला आंकडा निघाला तर वैद्यांस आवर्जून सांगावा. तपासणी मात्र वजन कितीहि असलें तरी चुकवूं नये. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून पाजून दोन तासांनीं रक्त पाहतात. साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक भरली तर उपचार सुरू होतात. भारत सरकारच्या मार्गदर्शनाप्रमाणें ही तपासणी पहिल्या भेटींत आणि पुन्हां २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान व्हावयाची असते. दुसरी खेप पुष्कळ घरीं टाळली जाते, कारण त्या सुमारास सारें लक्ष डोहाळजेवणाकडे आणि डिंकाच्या लाडवांकडे लागलेलें असतें!

सुनेच्या ताटाकडे सासूबाईंचें लक्ष असतें, तें योग्यच. पण पंगत उठल्यावर उरलेसुरलें जेवणारी चौदा वर्षांची लेक कोणाच्या लक्षांत येते? हाडामासानें ती आज भरली तर पुढें तिच्या पोटीं येणारें बाळ भरेल. आणि तें बाळ मुलगी असल्यास, त्याच्याहि पुढच्या बाळंतपणाची तजवीज या घरांतील ताटावरच व्हावयाची आहे. तेव्हां या मंडळींनीं दुधाचा पेला व पालेभाजीची वाटी तिच्या ताटाशीं आधीं ठेवावी, आणि नव्या नातीच्या पत्रिकेंत नक्षत्राच्या खालींच तिचें वजनहि ग्रॅमांत नोंदवावें.