“जातों” नव्हे, “येतों”

सकाळीं शाळेस निघतांना “आई, जातों ग” असें एखादा मुलगा म्हणाला, तर घरांतील आजी त्यास उंबऱ्यावरच थांबविते. “जातों म्हणूं नये रे, येतों म्हणावें,” असें ती सांगते. आणि त्यानें शब्द सुधारला कीं मगच “ये हो” म्हणून निरोप देते. पाय बाहेर पडत आहेत आणि तोंडीं येण्याची भाषा, हें परक्या माणसास मोठें नवल वाटतें.

याचें कारण आपल्या भाषेंतच आहे. “ते गेले” असें कोणी हळू आवाजांत सांगितलें, तर “कोठें?” असें आपण विचारीत नाहीं. जो शब्द मृत्यूसाठीं योजिला जातो, तो निरोगी माणसानें दारांत उभें राहून आपणासंबंधीं उच्चारूं नये, अशी ही भावना होय. शिवाय “येतों” हें परत येण्याचें वचनहि आहे. ही रीत एकट्या महाराष्ट्राची नाहीं. बंगाली गृहस्थ “आशि”, म्हणजे “येतों”, असें म्हणूनच उठतो. तमिळ मनुष्य “पोय्ट्टु वरेन्”, म्हणजे “जाऊन येतों”, असें म्हणतो. आणि कानडी मुलुखांतहि निरोपाचा अर्थ हाच. धर्म कोणताहि असो, मराठी घरांत ही बोली सारखीच ऐकूं येते. गणपतीचें विसर्जन करतांनासुद्धां त्यास पुढील वर्षीं लवकर येण्याचें आमंत्रण आपण देतोंच कीं!

अशुभ टाळून शुभ बोलण्याची हीच दृष्टि इतरत्रहि दिसते. बांगडी फुटली असें न म्हणतां “वाढवली” म्हणतात. नारळ फोडीत नाहींत, “वाढवितात”. आणि सायंकाळीं दुकानदार दुकान बंद करीत नाहीं, तोहि तें “वाढवितो”. जेथें कांहीं संपतें, तेथें वृद्धीचा शब्द! कित्येक तरुणांस हें भाबडेपण वाटतें. मला तसें वाटत नाहीं. समोरच्याचें मन न दुखवितां बोलण्याची संवय मुलांस याहून स्वस्तांत दुसरी कोणती लागणार?

शब्दाप्रमाणें कृतीहि आहेत. प्रवासास किंवा परीक्षेस निघणाऱ्याच्या हातावर दहीं घालतात. माहेराहून निघालेल्या लेकीची तांदूळ, नारळ व खण यांनीं ओटी भरतात, कारण तिनें रिकाम्या पदरानें उंबरा ओलांडावा हें आईस सोसत नाहीं.

मात्र एका ठिकाणीं “येतों” म्हणत नाहींत. मृत्यु घडलेल्या घरीं समाचारास गेलेला मनुष्य न बोलतां उठतो व निघून जातो. त्या घरीं अशाच कारणानें पुन्हां येण्याची भाषा काढूं नये, हा त्यांतील विचार. लहानपणीं मला हें ठाऊक नव्हतें. शेजारचे आजोबा वारले, तेव्हां वडिलांबरोबर मी गेलों होतों. निघतांना नित्याच्या संवयीनें मी मोठ्यानें “आजी, येतों हं” म्हटलें. सारे स्तब्ध झाले. वडिलांनीं माझा हात घट्ट धरला. मी रडकुंडीस आलों. कोपऱ्यांत बसलेल्या आजींनीं मात्र मान वर केली आणि म्हणाल्या, “ये हो बाळ. आतां रोजच येत जा.”

दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर मी गेलों.